संगणकांची सावड

कॉलेजच्या संगणक केंद्रात नोकरी केली असं सांगितलं की लोक पहिल्यांदा खिशातून मोबाइल काढतात आणि म्हणतात, "सर, जरा बघता का, चार्जच होत नाही." लग्नात, दशक्रियेला, बँकेच्या रांगेत, कुठेही. मी बघतो. बहुतेक वेळा भोकात कचरा अडकलेला असतो. टाचणीने काढून देतो, तोवर मी आयुष्यभर नेमकं काय केलं हे सांगायची वेळ निघून जाते. संपादकांनी यंदा पानं दिली आहेत, तेव्हा इथे सांगून घेतो. इथे कोणी मोबाइल पुढे करू शकणार नाही.

मी जळगावच्या एका कॉलेजात संगणक केंद्र सांभाळलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. यंत्रं बसवायची, बिघडली की उघडायची, त्यातली धूळ आणि पाली काढायच्या, आणि मे महिन्यात एसी बंद पडला की प्राचार्यांच्या केबिनमधला पंखा मागून आणायचा, असं ते काम. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मला अभिमान आहे तो एकाच कामाचा, आणि आयुष्यात सर्वांत जास्त संताप आला तोही त्याच कामात. आम्ही जळगाव, धुळे, धरणगाव आणि रावेर इथल्या चार कॉलेजांचे संगणक एकमेकांना जोडून एक ग्रिड उभा केला होता.

ग्रिड म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. कॉलेजच्या लॅबमधलं यंत्र चालू असतं म्हणजे ते काम करत असतं असं नाही. आमच्या काही प्राध्यापकांचंही तसंच होतं, पण ते सोडा. विद्यार्थी एक पान टाइप करतो तेव्हा यंत्राची ताकद जेमतेम चिमूटभर वापरली जाते. दुपारी लॅब रिकामी, सुट्टीत रिकामी, परीक्षेत रिकामी. दुसरीकडे एखाद्या संशोधकाकडे इतकं मोठं गणित असतं की त्याच्या एकट्याच्या यंत्राला ते सोडवायला जन्म पुरणार नाही. अशा वेळी त्या गणिताचे बारीक तुकडे करायचे, इंटरनेटवरून एकेक तुकडा एकेका रिकाम्या यंत्राकडे पाठवायचा, आणि उत्तरं परत आली की जुळवायची. शेतकऱ्यांमध्ये सावड असते. याचा एक बैल, त्याचा एक बैल, दोघांची मिळून जोडी, आज तुझं शेत आणि उद्या माझं. आमची ही संगणकांची सावड होती.

सगळीच गणितं अशी तोडता येत नाहीत, हेही सांगायला हवं. कापूस वेचायला वीस बाया लावल्या तर वावर लवकर उरकतं, पण एका भाकरीला वीस बाया लावल्या म्हणून ती लवकर भाजत नाही. ज्या गणितातल्या तुकड्यांना एकमेकांची गरज नसते तेच ग्रिडवर चालतं.

उषाचं गणित भाकरीच्या नाही, कापूस वेचण्याच्या जातीचं होतं. उषा म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातली संशोधक विद्यार्थिनी. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. घरात शिकलेली ही पहिली. तिची धाकटी बहीण रमिला, तिला सिकल सेल. आमच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांत हा आजार घरोघरी ऐकू येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, आणि मग हाडं फोडून काढावीत तसं दुखतं. पेशी वाकतात कारण त्यांच्या आतले हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात. हे चिकटणं थांबवेल असा एखादा रेणू मिळतो का, हे उषाला शोधायचं होतं. त्यासाठी वनस्पतींतले आणि प्रयोगशाळांतले माहीत असलेल्यांपैकी कितीतरी रेणू तिने गोळा केले होते. प्रत्येक रेणू त्या कणावर कुठे बसतो, किती घट्ट बसतो, की लगेच सुटून जातो, हे संगणकावर पडताळायचं. एका रेणूचा दुसऱ्याशी संबंध नाही. ग्रिडसाठी याहून चांगलं काम मला माझ्या नोकरीत मिळालं नाही.

एकदा रमिलाही तिच्याबरोबर आमच्या केंद्रात आली. नुकतीच आश्रमशाळेतून बारावी झालेली, काटकुळी पण बोलायला धीट. यंत्रांच्या रांगेकडे बघत तिने मला विचारलं, "सर, यातलं मन्हं कोणतं शे?"

"सगळीच तुझी," मी म्हणालो.

"आसं नका सांगू. एक दखाडा," ती म्हणाली. मी खिडकीजवळचं एक दाखवलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पडद्यावर सरकणारे आकडे बराच वेळ बघत राहिली. उषाने तिला औषध मिळेल असं कधीच सांगितलं नव्हतं. शोधते आहे, एवढंच सांगितलं होतं. बहिणीशी इतकं स्वच्छ बोलणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

ग्रिडच्या धंद्यात एक धर्म पाळावा लागतो. कुठलंही यंत्र कधीही बंद पडणार, हे धरूनच चालायचं. वीज जाते, उंदीर वायर कुरतडतो, विद्यार्थी लाथ मारतात. म्हणून उत्तरांच्या तीन प्रती तीन गावांत ठेवायच्या, असा आमचा नियम होता. एक धुळ्याला, एक धरणगावला, एक रावेरला. जळगावच्या मुख्य यंत्रावर जागा कमी, म्हणून तिथे फक्त काय कुठे ठेवलं आहे याची नोंद. धुळ्याला आग लागली म्हणून त्याच दिवशी रावेरला लागत नाही. धरणगावला वीज पडली म्हणून धुळ्याला पडत नाही. बाहेरगावच्या जाणकारांनाही मी हा आराखडा दाखवला होता आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. पण ते बाहेरगावचे होते.

आपल्याकडे नवरात्राआधी दसरा काढतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, घट बसण्याच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुवायची. गोधड्या, डबे, माळ्यावरचं सामान, भिंती, सगळं. घरात एकही मळकी गोष्ट ठेवायची नाही. आणि पुढे खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा. आता कॉलेजात अवजार म्हणजे संगणक. तेव्हा त्यांचाही दसरा काढायला नको का?

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी केंद्र उघडलं तर उषाची उत्तरं दिसेनात. आधी वाटलं धुळ्याचं इंटरनेट गेलं असेल. धरणगावची प्रत मागवली, तीही येईना. रावेरची मागवली, तिथेही काही नाही. मुख्य यंत्राला सगळं तोंडपाठ होतं, अमुक अमुक ठिकाणी ठेवलं आहे असं ते ठणकावून सांगत होतं, पण सांगितलेल्या जागी काही नव्हतं. मी फटफटी काढली आणि धरणगाव गाठलं.

तिथली लॅब नाना नावाचे प्रयोगशाळा सहायक बघत. माझ्याहून वयाने मोठे, कामाला चोख. लॅब अशी लखलखत होती की मी दारातच चपला काढल्या. प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, वर आपट्याची पानं. नाना हसतमुखाने पुढे आले.

"नाना, यातलं आमचं काम कुठे गेलं?"

"सर, घट बसाना आगोदर बठ्ठं साफ करं ना. बाहेरथीन बी, मजारथीन बी. एक बी जुनी फाइल ठेवी नही. यंत्र कसं कोरं करकरीत!"

"पण मी पडद्यावर कागद चिकटवला होता. पुसू नका म्हणून."

नानांनी जरा आठवलं. "तो कागद व्हय? तो तं लई मळेल व्हता."

म्हणजे साफसफाईत सगळ्यात आधी माझी सूचनाच निघाली होती. तिथूनच धुळ्याला फोन लावला. प्रयोगशाळेच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं की यंदा पहिल्यांदाच सगळी यंत्रं आतून स्वच्छ केली. रावेरलाही तेच. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी हुकूम काढला नव्हता. तीन गावांतल्या तीन माणसांनी आपापल्या मनाने, भक्तिभावाने, एकाच आठवड्यात उषाच्या कामाच्या तिन्ही प्रती पुसून टाकल्या होत्या. आग, वीज, उंदीर, चोर, सगळ्यांचा बंदोबस्त आम्ही केला होता. दसऱ्याचा केला नव्हता.

मी नानांवर ओरडलो. अगदी बेभान होऊन ओरडलो. त्यांना काही कळेना. "सर, तुम्हनंच यंत्र मी सगळास्थून जास्ती घासं," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो. त्या माणसाला काय बोलावं? त्यांनी जे केलं ते आमच्या घरी माझ्या बायकोनेही केलं असतं, आणि मी तिला शाबासकी दिली असती.

उषाला मी फोनवर सांगितलं नाही. धुळ्याला जाऊन सांगितलं.  ती म्हणाली, "सर, यादी तर आहे ना? रेणूंची यादी माझ्याकडे आहे. उत्तरं गेली, प्रश्न नाही गेले." पुढच्या वर्षीच्या दिवाळीला तिची शिष्यवृत्ती संपणार होती. त्याच्या आत पुन्हा पहिल्यापासून सगळं चालवायचं, नाहीतर नोकरी धरायची आणि हे सोडून द्यायचं. तिकडे रमिलाची दुखणी वाढली होती. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तिला वरचेवर आणावं लागे.

आणि नेमक्या त्याच वेळी कॉलेजांनी अंग काढून घेतलं. गोष्ट फिरता फिरता उलटी झाली. यंत्रं पुसताना ग्रिडचं काम पुसलं गेलं, असं घडलं होतं. ग्रिडमुळे यंत्रं पुसली गेली, असं बैठकीत बोललं गेलं. एका प्राचार्यांनी विजेच्या बिलाचा मुद्दा काढला, दुसऱ्यांनी व्हायरसचा. मी समजावून दमलो. आमच्या कॉलेजानेही मोठ्या मनाने काही जुनी यंत्रं राहू दिली, म्हणजे जी कोणालाच नको होती ती. सावडीतले सगळे सोडून गेले आणि एक म्हातारा बैल उरला, अशी गत झाली.

तेव्हा आम्ही दारोदार फिरलो. कॉलेजं नसतील तर दुकानं, कचेऱ्या, क्लासेस, जिथे म्हणून टेबलावर संगणक आहे तिथे जायचं आणि तो रिकामा कधी असतो ते विचारायचं. निवृत्तीला आलेला मी आणि बरोबर ही मुलगी. बहुतेकांना वाटे आम्ही काहीतरी विकायला आलो आहोत.

धरणगावला पारसशेठचं कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी काढायचा कारखाना. मूळचे राजस्थानचे, जैन, पण इथल्या मातीत तीन पिढ्या गेलेल्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता विचारतील, आमच्या हिशेबात कोणी डोकावणार तर नाही ना? तेही त्यांनी विचारलं, पण नंतर. पहिला प्रश्न वेगळाच होता.

"साहेब, या औषधाच्या कामात जनावरं मारतात का? उंदीर, ससे, असं काही?"

मी पटकन म्हणालो, "नाही शेठ, हे सगळं संगणकात आहे."

उषाने मला थांबवलं. "शेठजी, आत्ता नाही. पण एखादा रेणू चांगला निघाला तर पुढे दुसऱ्या ठिकाणी प्राण्यांवर तपासतील. ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

मला वाटलं, झालं, मुलीने हातचं घालवलं. शेठ गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. सरळ होऊन त्यांनी उषाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या मशीनमध्ये तर काही मरणार नाही ना?"

"नाही."

"मग लावा. पुढचं ज्याचं त्याच्या कर्मात."

रावेरला आबांचं केळीचं पॅकिंग हाऊस. एक संगणक, तोही खोक्यांवर लावायच्या लेबलांसाठी. कीबोर्डाच्या फटींत केळीचा चीक बसून काळा झालेला. आबांनी कर्मवाक्य वगैरे काही ऐकवलं नाही. "मशीन त माह्यं दुपारचं बसेलच राह्यतं. घ्या. पन गाडी भरायच्या टायमाले आडवं आलं नई पाह्यजे." एवढ्यावर करार झाला. धुळ्याला मुश्ताकभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. शाळांना सुट्टी लागली की त्यांचे संगणक माश्या मारत बसत. त्यांनी विचारलं ते फक्त रमिलाचं नाव, दुवा मागण्यासाठी.

त्या वर्षात मला आमच्या खानदेशाची एक नवीनच ओळख झाली. कोणत्या गावाला कधी फुरसत असते ते मला कळू लागलं. जिनिंग थंडीत धावतं आणि उन्हाळ्यात झोपतं. केळीच्या गाड्या सकाळी भरतात. क्लासेस संध्याकाळी गजबजतात आणि दुपारी ओस असतात. एकाची घाई संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते, आणि या सगळ्या फटींमधून उषाचं काम पुढे सरकत होतं.

तीन प्रतींचा नियमही आम्ही बदलला. आता गाव बघून नाही, माणूस बघून प्रत ठेवायची. मुश्ताकभाईंची मोठी साफसफाई ईदच्या आधी. पारसशेठची दिवाळीच्या आधी. आणि आबांच्या पॅकिंग हाऊसची साफसफाई कधीच नाही. या तिघांचे हात एकाच आठवड्यात फडक्याकडे जाणं शक्य नव्हतं. मोठमोठ्या परिषदांमध्ये ग्रिडच्या सुरक्षिततेवर निबंध वाचले जातात, त्यात हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही.

मध्येच मी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल, नारळ, आणि माझ्या शिस्तीची स्तुती. दुसऱ्या दिवशी मी घरच्या संगणकावरून तेच काम करायला बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "मग निवृत्त कोण झालं?"

हल्ली लोक मला म्हणतात, भाऊ, आता हा खटाटोप कशाला? मोठ्या शहरांमध्ये इमारतीच्या इमारती भरून यंत्रं आहेत, भाड्याने मिळतात, कार्ड घासा आणि वापरा. खरं आहे. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावीत. पण ज्या आजाराचा रोगी औषध विकत घेऊ शकत नाही, त्या आजारासाठी भाडं कोण भरणार? आमच्या पाड्यावरच्या दुखण्यावर कोणाचा नफा ठरलेला नाही. तिथे उरतं ते लोकांनी दिलेलं उसनं बळ. आज प्रत्येकाच्या खिशातला फोन माझ्या केंद्रातल्या पहिल्या मुख्य यंत्रापेक्षा ताकदवान आहे, आणि दिवसाचा मोठा भाग तो नुसता पडून असतो. हवामान, पीक, पाणी, आजार, किती प्रश्न त्यावर तुकड्यातुकड्याने सुटतील. अर्थात वीज लागते, यंत्र तापतं, आणि अनोळखी माणसाचं काम आपल्या यंत्रात येऊ द्यायचं तर विश्वास लागतो. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, हे मी दारोदार फिरून शिकलो आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. मी ज्योतिषी नाही, मी लॅबमधला माणूस.

उषाची यादी संपली ती पुढच्या दसऱ्यानंतर, शिष्यवृत्तीचे शेवटचे दिवस राहिले असताना. शेवटचा तुकडा रावेरहून आला. मी धुळ्याला जाऊन तिच्याजवळ बसलो. तिने सगळी उत्तरं जुळवली, पुन्हा जुळवली, तिसऱ्यांदा जुळवली. बरेच रेणू बसत होते, पण सुटत होते. जे थोडे घट्ट बसत होते ते रक्तातल्या दुसऱ्याच गोष्टींनाही तितकेच घट्ट चिकटत होते, म्हणजे औषध म्हणून विषच. अख्ख्या यादीत कामाचा एकही नव्हता.

इतका खटाटोप करून "नाही" हे उत्तर आलं की काय वाटतं, ते सांगतो. लाज वाटते. सकाळीच पारसशेठांचा फोन आला होता. "साहेब, काम झालं म्हणता, तर प्रोग्रॅम काढून टाकू का मशीनमधून?" मी म्हटलं होतं, संध्याकाळी सांगतो. सगळ्यांना असेच फोन करायचे होते. आभार मानायचे, आणि काढून टाका म्हणायचं. त्यांनी विचारलं, काय निघालं, तर काय सांगणार होतो कोण जाणे.

उषा म्हणाली, "आधी रमीला सांगू. मग बाकीच्यांना." रमिला तेव्हा दवाखान्यातच होती. दुपारची वेळ, वॉर्डात भेटायला आलेल्या माणसांची गर्दी. ती उशीला टेकून बसली होती. हाताला सलाईन, आणि चेहरा आधीपेक्षा अर्धा. उषा कॉटच्या कडेला बसली. तिने प्रस्तावना केली नाही.

"रमी, एक बी नही निंघना."

 मला वाटलं रमिला रडेल, आणि मी नजर खिडकीबाहेर वळवली.

"बठ्ठा दखी टाकात का?" तिने विचारलं.

"बठ्ठा."

"मंग त्या गयात." कामाच्या यादीतून नाव खोडावं इतक्या सहज ती म्हणाली. मग जरा दम घेऊन तिने पुढच्या रेणूंचं विचारलं, "आते दुसरा कव्हय लावशी?"

वर्षापूर्वी कामाच्या तिन्ही प्रती पुसल्या गेल्या तेव्हा उषा रडली नव्हती. कॉलेजांनी दारं लावली तेव्हाही नाही. त्या कॉटवर बहिणीचा पाय मांडीवर घेऊन ती रडली. रमिला मोकळ्या हाताने तिची वेणी सारखी करत राहिली, आणि मध्ये एकदा माझ्याकडे बघून हसली.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून मी धरणगावला फोन लावला.

"शेठ, प्रोग्रॅम काढू नका."

"का? सापडलं औषध?"

"नाही. एकही नाही निघालं."

पलीकडे जिनिंगचा आवाज सुरू होता.

"मग?"

"मग आता दुसरे लावायचे आहेत."

"लावा की," शेठ म्हणाले. "फक्त आता सीझन सुरू झाला बघा, दिवसा नको. पाचनंतर घ्या."

उषा शेजारीच उभी होती. "पाचनंतर," मी तिला सांगितलं. तिने ओढणीने चेहरा पुसला, घड्याळ बघितलं आणि रिक्षाला हात केला.